छातीपासून वीतभर

माणसाची खरी मुक्ती तारेपासून सुटण्यात आहे. हे वाक्य माझे नाही. वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात प्रमुख पाहुण्यांनी ते उच्चारले आणि टाळ्यांसाठी थांबले. त्यांच्या हातातल्या माइकची वायर व्यासपीठावरून उतरून सतरंजीखालून मागच्या खोलीत गेली होती. पाहुण्यांचा पाय अडकू नये म्हणून दोन शिपाई उकिडवे बसून ती चिकटपट्टीने जमिनीला चिकटवत होते.

माझ्या शेजारी माझी बायको बसली होती. तिने विचारले, "काय म्हणून राह्यला थो?"

"वायर गेली की माणूस सुटतो म्हणतात."

"आपल्या इकडे तं वायर गेली की लाइनमनले फोन लावा लागते," ती म्हणाली.

आम्ही गेलो होतो ते शेजाऱ्यांच्या मुलीसाठी. पिपरी मेघेत आमच्या घराची आणि त्यांच्या घराची मागची भिंत एकच आहे. ती मुलगी तिसऱ्या वर्षाला होती आणि तिने तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यावर बिनवायरचा दिवा पेटवून दाखवायचा प्रयोग मांडला होता. दिवा वेटोळ्याजवळ नेला की पेटायचा, लांब नेला की मंद व्हायचा आणि विझायचा. बायकोने तो हातात घेतला आणि जवळ-लांब, जवळ-लांब असा खेळ सुरू केला. मागे रांग लागली तरी सोडेना.

"काकू, एवढ्यापुढे नाही जात करंट," मुलगी म्हणाली आणि तिने वीत पसरून दाखवली.

"एवढासाच?" बायको म्हणाली. "मंग मुक्ती वीतभरच झाली का वं बाई?"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे नव्या युगाच्या घोषणा मला नवीन नाहीत. प्रत्येक युगाच्या सतरंजीखाली काहीतरी चिकटपट्टीने चिकटवलेले असते. पण त्या संध्याकाळी बायको खुशीत होती आणि घरी येताना रिक्षात माझ्याशी नव्या युगाच्या बाजूने भांडली. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा तिने त्या दिव्याचे इतके वर्णन केले की पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा तिच्यासाठी नवा फोन आणि एक पांढरी गोल चकती घेऊनच आला.

मुलगा जर्मनीत असतो. तिथे तो नक्की काय काम करतो हे मी तीनदा समजून घेतले आहे. तो जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करतो. ती सुट्टी कधी मिळेल याचा नेम नसतो, आणि मिळाली तर थोडीच मिळते. फोन वाजला आणि उचलला नाही तर त्या दिवसाचे बोलणे गेले. उलट फोन लाव म्हटले तर बायको लावत नसे. "कामावर हाय थो. साहेब रागावन त्याच्यावर," म्हणायची. लेकाचे केस पिकायला लागले होते, पण त्याचा साहेब तिच्या डोळ्यांसमोर अजून छडी घेऊन उभा होता.

चकती हॉलमधल्या छोट्या टेबलावर, बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवण्यात आली. मुलाने फोन तिच्यावर ठेवला. फोन हलकासा थरथरला आणि चार्ज होऊ लागला. फोनच्या मागच्या बाजूला लोहचुंबक असल्यामुळे तो बरोबर जागेवर जाऊन बसतो, असे त्याने समजावले.

बायकोने टेबलामागे वाकून पाहिले. "मंग हे वायर कायची?"

"आई, ती चकतीची आहे. फोनची नाही."

"म्हंजे फोनची गेली अन् पाटाले आली."

तेव्हापासून त्या चकतीला आमच्याकडे पाट म्हणतात. शेजारीण पाहायला आली. ती दारातच थबकली आणि काढलेली चप्पल परत घालू लागली. हवेतून करंट लागत असला तर पायात काहीतरी असलेले बरे, असा तिचा हिशेब होता. मी वाचलेले सगळे तिला सांगितले. लागत नाही. थोडी वीज मात्र वाटेतच उष्णता होऊन वाया जाते, म्हणून फोन कोमट होतो. पुढे म्हणे अख्खे टेबल, अख्खी भिंत अशी होईल; मिक्सर, दिवा, पंखा नुसता ठेवला की चालू. शेजारणीने ऐकून घेतले आणि चप्पल घालूनच बसली.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. बायकोच्या छातीत पेसमेकर होता. त्याआधी दोन वर्षे नळावर पाणी भरताना तिला चक्कर आली, सावंगीच्या हॉस्पिटलात नेले, तेव्हा ठोके फार मंद पडतात म्हणून तो बसवला होता. डाव्या खांद्याखाली कातडीआड एक छोटी डबी. ती तिला 'माहा घड्याळ' म्हणायची.

आणि ती फोन ब्लाउजमध्ये ठेवायची. डाव्या बाजूला. किल्ल्या तिथे, पैशाचा बटवा तिथे, औषधाची पट्टी तिथे, आणि फोनही तिथेच. तिच्या आईनेही सगळे तिथेच ठेवले होते. फक्त तिच्या आईकडे फोन नव्हता. मागच्या अंगणात सांडगे घालताना, वालाच्या वेलाला पाणी देताना, भिंतीवरून शेजारणीशी बोलताना फोन वाजला की आधी तिला छातीशी थरथर कळायची, मग आवाज यायचा. लेकाचा फोन तिने कधी चुकवला नाही. हात कणकेने भरलेले असले तर कोपराने पदर सारून मला हाक मारायची, "काढा ना जी, लेकरू बोलाले बसलं!"

नवा फोन आल्यावर तिला मधूनच धडधड होऊ लागली. ती मला बोलली नाही. सावंगीला ठरलेल्या तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाला बोलली. त्याने एक चपटे यंत्र तिच्या खांद्याजवळ धरले आणि पडद्यावर आकडे उमटले.

"हे बी बिनवायरचंच?" तिने विचारले.

"हो काकू. मोबाइल कुठे ठेवता तुम्ही?"

तिने सरळ ब्लाउजमधून फोन काढून त्याच्या टेबलावर ठेवला. पोरगा लाजला. मग त्याने फोन उलटा केला, मागे चुंबक असल्याचे ओळखले आणि डॉक्टरांना बोलावून आणले.

डॉक्टरांनी समजावले ते इतकेच: या चुंबकाने पेसमेकर गोंधळतो, स्वतःच्या ठरलेल्या गतीने चालू लागतो. लांब केला की परत ताळ्यावर येतो. घाबरायचे कारण नाही, पण फोनही लांब आणि ती चार्जिंगची चकतीही लांब. "छातीपासून वीतभर तरी."

बायकोने तिथल्या तिथे वीत पसरली. अंगठा डबीवर, करंगळी हवेत. त्या करंगळीच्या टोकाकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"जुना साधा फोन वापर," मी रिक्षात म्हणालो.

"त्याच्यात तोंड दिसते का त्याचं?"

"मग कमरेला खोच."

तिने खोचून पाहिला. तो पहिल्याच दिवशी धुण्याच्या बादलीत पडता पडता वाचला. मी कापडी पिशवी शिवून आणली गळ्यात अडकवायला; ती नेमकी डबीवरच येऊन टेकायची. मुलाला हे सगळे सांगू नका, असे तिने मला बजावले. "मोठ्या हौसीनं आणला त्यानं. त्याले काऊन वाईट वाटू द्याचं?" त्यामुळे फोनची जागा ठरली: हॉलमधला पाट.

मग लेकाचे फोन चुकू लागले. ती मागच्या अंगणात असायची, फोन हॉलमध्ये वाजायचा. मी घरात असलो तर ओरडायचो, ती हातातले टाकून पळत यायची आणि पोचेपर्यंत फोन थांबलेला असायचा. एकदा वेळेत पोचली, तर तिकडून मुलगा म्हणाला, "आई, धापा काऊन टाकून राह्यली? तब्येत बरी आहे ना? डॉक्टरकडे गेलतीस का?" त्याची सगळी सुट्टी तिच्या धापांवर संपली. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मले त्याले त्याच्या जेवणाचं इचारायचं होतं."

मी फोन घेऊन तिच्या मागे मागे फिरू लागलो. दोन दिवसांत ती वैतागली. "मोलकरीण ठेवल्यासारखं वाटते जी. बसा तुम्ही पेपर वाचत."

तिने आपला मार्ग काढला. कोणाला काही न सांगता तिची कामे एकेक करून हॉलमध्ये येऊ लागली. आधी भाजी निवडणे आले. मग विळी. मग सूप, तांदूळ, तुरीच्या शेंगा. टेबलापासून वीतभराहून थोडे जास्त अंतर ठेवून तिने लाकडी पाट मांडला आणि भिंतीला पाठ लावून बसू लागली. त्या वर्षी सांडगे घातले नाहीत. वालाचा वेल वाळला. शेजारीण भिंतीवरून हाका मारून दमली आणि मग पुढच्या दाराने येऊ लागली, चप्पल घालून.

जुन्या फोनची वायर हातभर होती. तो रात्री भिंतीला असायचा, आणि दिवसभर बायकोबरोबर अंगणात, विहारात, बाजारात हिंडायचा. नव्याला वायर नव्हती.

लेकाचा एकही फोन आता चुकत नव्हता. व्हिडिओत त्याला दरवेळी तीच भिंत दिसायची. "आई, सारखी घरातच असतेस. जरा फिरत जा."

"बाहेर ऊन लय हाय बाप्पा," ती म्हणायची. तेव्हा डिसेंबर होता.

जानेवारीत एका दुपारी ती त्या लाकडी पाटावर कलंडली. शेंगा सांडल्या. आधी मला वाटले घड्याळ बंद पडले. पण ते नव्हते, मेंदूत रक्तस्राव झाला होता. गाडीत तिचा हात माझ्या हातात होता, गरम, आणि मनगटात ठोके अगदी नियमित पडत होते. आम्ही सावंगीच्या वाटेवर असताना लेकाचा फोन आला. तो हॉलमध्ये, कुलूपबंद घरात वाजला. कामे घरात आणल्यापासून तिने चुकवलेला तो पहिला फोन. मी संध्याकाळी कपडे न्यायला आलो तेव्हा तो पडद्यावर दिसत होता, आणि त्याच्याखाली आणखी चार. बॅटरी पूर्ण भरलेली होती.

मुलगा पोचेपर्यंत ती गेली होती. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो. आगीत तो फुटतो. तपासणीवाला तोच तंत्रज्ञ आला होता. काम झाल्यावर तो माझ्याजवळ थांबला आणि सांत्वन म्हणून म्हणाला, "काका, मशीन एकदम चांगलं होतं. अजून खूप वर्षं चाललं असतं." मी त्याचे आभार मानले. दुसरे काय करणार?

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप घातला होता. एका वक्त्याने जीवन-मृत्यूवर मोठे बोलणे सुरू केले, माइक मध्येच गेला, आणि वक्ता तसाच बोलत राहिला. शेजाऱ्यांची ती मुलगी उठून वायर हलवत बसली. बायको असती तर माझ्याकडे पाहिले असते.

पाहुणे गेल्यावर मुलगा हॉलमध्ये आला. लाकडी पाट, सूप, विळी कोणी हलवले नव्हते. त्याने मागच्या अंगणात जाऊन वाळलेला वेल पाहिला, परत आला आणि पाटाकडे बोट करून म्हणाला, "बाबा, आई इथे बसायची?"

"हो."

"अंगण सोडून? इथे काऊन?"

त्याच्या हातात तिचा फोन होता. तो त्याने शर्टाच्या डाव्या खिशात ठेवला होता आणि आता काढून मला देत होता. मी तो घेतला. चाळीस वर्षे वर्गात मी मुलांना सांगत आलो की पुराव्याशी प्रामाणिक राहावे.

"इथे उजेड चांगला येतो," मी म्हणालो.

त्या भिंतीला खिडकी नाही. त्याने भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. जाताना तो त्याच पाटावर बसून बूट बांधत होता, आणि नाडी बांधून झाल्यावरही उठत नव्हता.

आता तो जेवणाच्या सुट्टीत मला फोन करतो, तिच्याच नंबरवर. फोन माझ्या खिशात असतो आणि मी बहुतेक मागच्या अंगणात असतो. चार्जिंग रात्री करतो, जुन्या फोनची वायर लावून. ती बसते त्याला.

चकती टेबलावर आहे. टाकवत नाही, लागतही नाही. तिच्यावर फोन कोमट व्हायचा ते आठवून मी एकदा तिथे चहाचा कप ठेवून पाहिला. चहा गार झाला.