माळकऱ्याचा मासा

गळ्यात तुळशीची माळ घालून घरात मांसाहारी मासा पाळणारा माणूस पिरंगुटजवळच्या अख्ख्या भरे गावात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला घरमालक म्हणून आला. "आमी माळकरी. हितं अंडंसुदिक चालायचं न्हाई," असं बजावून त्यांनी मला खोली दिली आणि पुढे महिनाभर माझ्या कचऱ्याच्या पिशवीत टरफलं शोधली. हेच मालक एकदा हिंजवडीच्या दुकानातून आठ सोनेरी मासे आणि बोटभर लांबीचा एक लाल शेपटीचा, मिशाळ मासा घेऊन आले. तो दक्षिण अमेरिकेतला, एवढंच त्यांना ठाऊक. कौतुक तरी किती! पाहुण्याला चहाआधी मासा दाखवायचे, रोज टाकीच्या काचेवर वीत लावून त्याची लांबी मोजायचे. बैल विकून ट्रॅक्टर आला होता, तरी पोळ्याला कुणाला तरी कुंकू लावायला हवं, म्हणून काचेला लावलं.

आणि सोनेरी मासे एकेक करून नाहीसे होऊ लागले. मालकांचा संशय आधी मांजरावर, मग माझ्यावर. आठव्याची शेपूट मिशाळाच्या तोंडातून लोंबताना दिसली, त्या दिवशी मालक जेवले नाहीत. दुकानदार म्हणाला, धरणात सोडा. मालक उसळले. "आपल्या धरणातलं मासं खायाला ह्याला सोडू व्हय? आन काचेत उपाशी मारला, तर पाप कुणाच्या माथी?" मग हळूच मला विचारलं, "तुमी भाईर खाता ना मासं? मंग तुमीच घाला की ह्याला."

तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी मी पिरंगुटहून माशाचे तुकडे आणायचो. मी ते टाकेपर्यंत मालक पाठ फिरवून उभे आणि सारखे विचारत, "खाल्लं का? पोटभर?" बुधवारी एकादशी आली तर माशालाही उपास. तरी तो इतका वाढला, की माझी दुचाकी लावायच्या जागेवर त्याच्यासाठी सिमेंटचा हौद उभा राहिला.

मग माझी नागपूरला बदली झाली. मालकांचा चेहरा पडला. माझ्यासाठी नव्हे, हे मला कळत होतं. खोली बघायला येईल त्याला ते पहिला प्रश्न विचारत, "मासं खाता का?" दोघं आले, दोघंही शाकाहारी निघाले. जन्मात पहिल्यांदाच मालकांनी शाकाहाऱ्यांना खोली नाकारली.

निघायच्या दिवशी सकाळी खाली आलो, तर मालक हौदाशी उभे. हातात सांडशी, सांडशीत तुकडा, डोळे गच्च मिटलेले, तोंडाने नामस्मरण. तीन तुकडे फरशीवरच पडले होते. मी त्यांचं मनगट धरून पाण्यावर नेलं.

"मालक, अहो माळ?"

"हाय की गळ्यात. माळ मी घातलीया, त्यानं न्हाई. त्यानं का उपाशी ऱ्हावं?"

पाणी उसळलं. मालकांनी डोळे न उघडताच विचारलं, "खाल्लं का?"

"पोटभर," मी म्हणालो.

आता नागपुरात मी रोज आमलेट करतो. कुणाची आडकाठी नाही. फक्त कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवताना, ही आता कुणीच उघडून बघणार नाही, याचं उगाच वाईट वाटतं.