आठवी पावती

बुलढाणा जिल्ह्यात ‘पोचलं’ या शब्दावर माझ्या मामांइतका अविश्वास ठेवणारा माणूस झाला नाही, होणार नाही. लग्नाची पत्रिका ते एकाच घरी तीन वाटांनी धाडत आणि तिन्हींची पोच मागत. मामींनी जेवायला हाक मारली की हे “ऐकलं” म्हणत, आणि “तुमी ऐकलं, हे म्या ऐकलं” असं मामींच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय जागचे हलत नसत. त्या घरात गरम भाजी मी कधी खाल्ली नाही.

याला कारण त्यांची नोकरी. बोंडअळी बीटी कपाशीला जुमानेनाशी झाली, त्या वर्षांत मामा एका प्रकल्पाच्या जीपवर होते. मेहकर, उंद्री, अमडापूर अशी गावं पालथी घालायची, सापळ्यांतले पतंग मोजायचे आणि टपावरच्या अँटेनातून आकडे उपग्रहाकडे पाठवायचे, कारण शिवारात मोबाइलला रेंज नसे. चालत्या जीपला एखादा कडुलिंब आडवा आला की मजकुराचा मधलाच लचका गायब! म्हणून मामा मजकुराचे तुकडे करत, प्रत्येकाला नंबर देत आणि पलीकडच्या यंत्राकडून त्या नंबरची पावती येईपर्यंत तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत.

उपग्रह आमच्याकडून दक्षिणेला. मामा तिकडे तोंड करून “पोचलं का? पोचलं का?” असं पुटपुटत उभे राहत. यमाच्या दिशेला असं विचारणारा माणूस दिसला की बाया पोरांना घरात ओढत.

एकदा अमडापूरजवळ, भर दुपारी, एक बाई जीपपाशी आली. तिचा नवरा कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनून गेला होता. मी तेव्हा मामांसोबतच होतो.

“भाऊ, तुमी तिकडे निरोप देता म्हणतात. आमच्या घरच्याईले सांगजा, त्या दिवशी मी भांडली म्हणून ते उपाशी गेले. मी मनातून नव्हती बोलली.”

मला वाटलं, मामा तिची समजूत काढतील. पण त्यांनी तिचं बोलणं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, त्याचे सात तुकडे केले आणि पाठवले.

“पोचलं?”

“थांबा,” मामा म्हणाले. खोटं ‘पोचलं’ त्यांच्या तोंडून मेल्या माणसासाठीही निघालं नसतं.

पावत्या येऊ लागल्या. एक, दोन करत सात. मग आठ. आठवा तुकडा कोणी पाठवलाच नव्हता. मामांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, तारा हलवून पाहिल्या, यादीवर बोट फिरवलं. आठच. कपाशीचं पानही हलत नव्हतं आणि त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

“काऊन गप बसले, भाऊ? नाई पोचलं?”

“पोचलं, बाई. साती पोचले.” मामांनी यादीवरचं बोट उचललं. “पण पावत्या आठ आल्या. आठवी कोणाची, मले नाई समजत.”

“त्याईचीच असंल,” ती सहज म्हणाली. “माझं पुरं आयकल्याबिगर ते कदी बोलत नव्हते.” पदर सावरून ती कपाशीच्या ओळींतून निघून गेली. तिची पावलं मात्र येतानापेक्षा हलकी वाटली.

संध्याकाळी यंत्रातले दोष वहीत लिहायचे असत. मामांनी पेन उघडलं, तारीख घातली आणि टोपण लावून टाकलं. आठव्या पावतीला दोष म्हणायला त्यांचं मन धजेना. आम्ही ज्यांची आयुष्यभर टिंगल केली, ते मामा मला त्या संध्याकाळी फार आवडले, आणि हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.