संकासुराला समोरचा उजेड नको

कोरगावची हर्षा शूटिंगला कुणाच्या घरी गेली की आधी कॅमेरा काढत नाही, आधी छताकडे बघते. बारशाला ती दिव्याचं तोंड छताकडे फिरवते, म्हणजे उजेड वरून सांडतो आणि बाळ किंचाळत नाही. लग्नात पिवळसर उजेड, कारण पांढऱ्यात सोनं फिकट दिसतं आणि मग सासरची मंडळी व्हिडिओ थांबवून थांबवून बघतात. खाणीवरच्या एका ट्रकवाल्याच्या सत्काराला तिने त्याच्या टकलावर पावडर चोपडली होती. "गो बाय, सत्कार करतस काय परत लगीन लावतस?" असं तो बिचारा विचारत राहिला.

त्या दुपारी मात्र पडदे खाली सोडून काळोख केलेल्या देवळाच्या सभामंडपात तिची खरी परीक्षा होती. गावच्या दशावतारी मंडळाला दिल्लीच्या एका महोत्सवासाठी व्हिडिओ पाठवायचा होता. प्रवेश संकासुराचा. वेद चोरणारा हा राक्षस, पण येतो तो हसवायलाच: डोक्यापासून पायापर्यंत काळा झगा, काळं टोपडं, आणि त्यातून लोंबणारी लाल कापडी जीभ. ती भूमिका सगुणकाकांची. हर्षा फ्रॉकात होती तेव्हाही त्यांचीच.

मंडळाचे मॅनेजर अनंतमामा यांचं कुठलंही वाक्य 'म्हणजे कसा' म्हटल्याशिवाय सुटत नाही. "म्हणजे कसा, हर्षा, लख्ख होया. म्हणजे कसा, दिल्लीवाल्यांक सगळा दिसाक होया."

हर्षाने समोर दिव्यांचे दोन पॅनल लावले. तालीम सुरू झाली. मृदंग वाजला, सगुणकाका उडी मारून आले, नाचत पुढे आले, आणखी पुढे आले, आणि कमरेएवढ्या उंच रंगमंचाच्या कडेवर एक पाय हवेत धरून थबकले. खाली नुसते चिरे.

"म्हातारो स्टाइल मारता," बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

हर्षा हसली नाही. कॅमेऱ्यातून तिला काकांचा हात जवळून दिसला होता. काळ्या बाहीतली बोटं खांब शोधत होती.

रंगपटात ती त्यांच्यासमोर बसली. "काका, ती नक्कल नव्हती."

"संकासूर करता ता सगळा खराच आसता."

"तुमका कड दिसली नाय."

काकांनी टोपडं काढलं. घामाने केस चिकटले होते. "मोतीबिंदू. समोरना उजेड इलो काय सगळा दुधासारखा जाता. ऑपरेशन जत्रेनंतर. पण अनंताक सांगलंस तर उद्या ह्या टोपडा त्या नवख्या गौरेशाच्या डोक्यावर. पोरगो बरो हा. पण तेची जीभ अजून कापडाचीच."

"आणि पडलात तर?"

"मग गौरेश आसाच."

हर्षा म्हणाली, "मी उजेड बदलतंय. पण तुमी कडेर थांबला नाय तर मी थंयच कट म्हणतलंय, आणि कित्याक ता सगळ्यांका सांगतलंय."

"बरा," काका म्हणाले. त्यांच्या आवाजातला संकासूर गेला होता.

तिने समोरचे दोन्ही पॅनल विझवले. एकच दिवा रंगमंचामागे, पडद्याच्या आडोशाला, उंच स्टँडवर चढवला आणि तो उजेड थेट कॅमेऱ्यात शिरू नये म्हणून लेन्सवर पुठ्ठ्याची झापड बांधली.

"म्हणजे कसा," अनंतमामा धावत आले, "संकासूर काळो, समोर काळोख. म्हणजे आमी दिल्लीक कोळसो धाडतोंव?"

"संकासुराक तोंड खंय आसा मामा? समोरना उजेड मारून कापड दाखवू?"

मग ती स्वतःच रंगमंचावर चालू लागली. दिवा खाली केला तर तिची सावली लांबलचक पसरून बाकांवर जाऊन बसायची. फार वर केला तर पायाशीच गोळा व्हायची. स्टँड वरखाली करता करता एक जागा सापडली: कड जवळ आली की सावलीचं डोकं आधी खाली कोसळायचं, पाय अजून वरच.

काकांच्या कानाशी जाऊन ती म्हणाली, "टोपड्यातून खाली बघा. सावलीचा डोका मोडला काय थांबा."

मृदंग पुन्हा वाजला. मागच्या उजेडाने काळ्या झग्याला चहूबाजूंनी रुपेरी किनार आली, जीभ निखाऱ्यासारखी पेटली. असा संकासूर हर्षाने कधी पाहिला नव्हता, आणि तोही ती नीट बघत नव्हती. तिचे डोळे फरशीवर होते. सावली सरकली. काका गिरकी घेत आले. सावलीचं डोकं कडेवरून मोडलं. काका थांबले नाहीत. हर्षाने तोंड उघडलं. 'कट'मधला 'क' जिभेवर आला.

काकांचा पाय कडेवर टेकला. थांबला.

मृदंगवाला गोंधळून गप्प झाला. शांततेत टोपडं हळूच खाली वाकलं आणि आतून नाकातला आवाज आला, "अरे, माझा डोका खंय गेला? आत्ता हुता." काळा हात खाली गेला, कड चाचपली, घट्ट धरली. "खाली पडला मेल्याचा. पडांदे. बिनडोक्याचो मॅनेजर चालता, मग संकासूर कित्याक नाय?"

मंडपात हशा फुटला. अनंतमामा सगळ्यांत शेवटी हसले. हर्षाने तो 'क' गिळला.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर अनंतमामांनी तो प्रवेश दोनदा बघितला. शेवटी म्हणाले, "म्हणजे कसा, जत्रेक पण हीच लाईट होया. पण आता एकदा समोरना उजेड मारून पण घेऊया. म्हणजे, आसलेली बरी."

हर्षाने पॅनलची बॅटरी काढून पिशवीत टाकली. "चार्जिंग नाय मामा."

"माका पण नाय," खांबाला टेकून सगुणकाका म्हणाले.