कानामागची पेन्सिल

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, चार माणसांना बसायला जागा दिली की आपोआप साठतात! माझं अंबरनाथ पश्चिमेला झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी सकाळी शटर अर्ध्यावर, आत चार स्टुलं, चार पेन्सिली आणि रविवारच्या पुरवणीतल्या त्या हलकट शब्दकोड्याच्या चार झेरॉक्स. सहा वर्षं हेच चाललंय. सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. अडचण एवढीच, की बऱ्याच किश्श्यांत गाढव मीच आहे.

मंडळी सांगतो. गायकवाड सर, बदलापुरात कात्रपला राहतात, शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. आमच्यात सगळ्यात हुशार. बदलापूर गावच्या म्हात्रेताई, सून घरचं बघते म्हणून रविवारी मोकळ्या. उल्हासनगरचा हरेश, पडदे-चादरीचं दुकान. मराठी सुधारायला म्हणून आला आणि चिकटला. आणि चौथा मी, विलास.

हे कोडं सरळ नसतं. उदाहरणार्थ, 'राज उलटलं की म्हातारपण येतं, दोन अक्षरं.' आता 'राज' उलटं वाचा. जरा. जरा म्हणजे म्हातारपण! सरांनी हे अर्ध्या मिनिटात सोडवलं, तेव्हा हरेश म्हणाला, "सर, तुम्ही इन्कम टॅक्समध्ये पाहिजे होते."

नियम सरांचे. मोबाईल ड्रॉवरमध्ये. उत्तर सुचलं की पेन्सिल कानामागे लावायची आणि गप्प बसायचं. अडलेल्याने म्हणायचं, "दिवा दाखवा." मग पेन्सिलवाल्याने एकच हिंट द्यायची. उत्तर जो बोलेल तो शटरबाहेर!

*

एकदा एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. आम्ही तासभर एका शब्दावर अडलेलो. बाईंनी मान वाकडी करून कोडं बघितलं आणि सहज म्हणाल्या, "पाचोळा असेल ना?"

आम्ही चौघं एकदम ओरडलो! सर तर उभेच राहिले. बिचारी घाबरून पळाली, आणि आधार कार्ड मशीनमध्येच राहिलं.

कार्डावरचा पत्ता बघून संध्याकाळी मी द्यायला गेलो. बाईंनी सेफ्टी डोअर उघडलंच नाही. जाळीतून हात बाहेर काढून कार्ड घेतलं आणि म्हणाल्या, "काका, मी परत कधी काही ओळखणार नाही."

जिन्यावरून उतरताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

हरेशच्या हिंटा दोनच प्रकारच्या. "माझ्या दुकानात आहे" किंवा "माझ्या दुकानात नाही." पुढे विचारलं तर म्हणायचा, "ताई, एकच हिंट अलाउड आहे ना?"

एकदा तीन अक्षरी शब्दावर तो म्हणाला, "दुकानात आहे." म्हात्रेताई जिद्दीची बाई. दुसऱ्या दिवशी थेट उल्हासनगरला त्याच्या दुकानात! तासभर प्रत्येक फडताळ बघितलं. हरेश काउंटरवर बसून गालातल्या गालात हसतोय. शब्द काही सापडेना, आणि रिकाम्या हाताने कसं निघायचं म्हणून ताई दोन पडदे घेऊन आल्या.

रात्री मला फोन. "दादा, सापडला रं!"

"कुठे?"

"सून पडदे लावत व्हती. म्हनली, आई, याला अस्तर कुठंय?"

*

आता माझं सांगतो. हसत सांगणार होतो, पण जमेल असं वाटत नाही.

मला ते कोडं फारसं येत नाही. सहा वर्षं बसतोय, पण वीस शब्दांत तीन आले तर माझी दिवाळी. एका रविवारी तिघांच्याही कानामागे पेन्सिली, आणि मी एकटा हातात पेन्सिल धरून बसलेला. दुकान माझं, स्टुलं माझी, झेरॉक्स माझ्या, आणि ढ पण मीच! लावली मी पण कानामागे. उत्तराचा पत्ता नाही.

सर म्हणाले, "शाब्बास विलास!"

काय सांगू, शाळेत मला कधी कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी अंगावर मूठभर मांस चढलं. मग सवयच लागली. कधी दुसरा, कधी तिसरा, पण पेन्सिल लावायचीच. घरी जाताना सरांच्या कागदावर नजर टाकून चौकोन भरून टाकायचे.

कुणी दिवा मागितला तर? त्याचीही सोय केली होती. गंभीर चेहरा करून म्हणायचं, "सोपं आहे. जास्त विचार करताय तुम्ही." हे कुठेही चालतं! एकदा हरेशने ते ऐकलं, डोळे मिटले, आणि त्याला शब्द सापडला. त्याने माझा हात हातात घेतला.

"क्या हिंट दी, दादा!"

*

गेल्या महिन्यात शेवटचा शब्द राहिला होता. 'बुडाली तरी घरचे रडत नाहीत, चार अक्षरं.' ताई आणि हरेश, दोघांनी हात टेकले होते. मी आपला नेहमीसारखा पेन्सिल लावून मोकळा. आणि सर माझ्याकडे वळले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"विलास, दिवा दाखव."

सरांना "जास्त विचार करताय" कसं म्हणणार? सुचेल ते बोलून टाकलं. "सर, तुमच्या शाळेतलंच आहे."

सर कामाला लागले. शाळा बुडते, तास बुडतो, बुडतं ते सगळं लिहून झालं. चार अक्षरांत काही बसेना. एक वाजला. ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर, जेवाची येळ झाली." सर उठले नाहीत. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं फक्त. मी झेरॉक्स मशीन पुसत बसलो.

जाताना सर हळूच म्हणाले, "पूर्वी मला असं होत नव्हतं रे."

सरांचे थोरले भाऊ शेवटची चार वर्षं स्वतःच्या मुलांना ओळखत नव्हते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

पुढच्या रविवारच्या पुरवणीत उत्तर आलं. पाणबुडी. सर आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी ताईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सरांबिगर मना नाय बसायचा इथं." मी शटर पूर्ण खाली ओढलं आणि स्कूटरला किक मारली.

*

कात्रपला सरांच्या घरी दार काकूंनी उघडलं. सर गॅलरीत बसले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात घेतलं आणि दबक्या आवाजात सांगायला लागल्या.

"काय झालंय कळत नाही विलासभाऊ. कोडं बघत नाहीत. परवा शाळेतल्या जुन्या क्लार्कला फोन केला. विचारतात, आपल्या शाळेत पाणबुडी होती का?"

"मग? ते काय म्हणाले?"

"ते म्हणाले, असेल सर, विज्ञान प्रदर्शनात वगैरे असेल. तेव्हापासून तर जेवणच गेलंय यांचं. म्हणतात, त्याला आठवतंय आणि मला आठवत नाही!"

सरांच्या मुलाने कल्याणच्या मेंदूच्या डॉक्टरांची बुधवारची अपॉइंटमेंट घेतली होती.

मी गॅलरीत गेलो. सर "बस" म्हणाले, पण मला बसवेना. उभ्यानेच सगळं सांगितलं. पाणबुडी मला माहीत नव्हती. शाळेची हिंट मी बनवून सांगितली. पेन्सिल दोन वर्षं खोटी लावतोय. सांगताना सरांच्या पायांकडे बघत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि वाटायलाच पाहिजे होती.

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"अगदी ठीक आहे सर."

"आणि शाळेत पाणबुडी नव्हती?"

"नसणार सर."

सरांनी आत हाक मारली. "अगं, बुधवारची अपॉइंटमेंट रद्द करू नकोस. नाव फक्त बदलायला सांग. याचं घाल!"

*

मला वाटलं, गंमत केली. बुधवारी सकाळी दहाला दुकानासमोर रिक्षा उभी राहिली. आत सर, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. म्हणाले, "चल." मी गेलो. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "पेशंट कोण?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि हाताची घडी घालून भिंतीवरचं मेंदूचं चित्र बघत बसले.

"बोला, काय त्रास होतो?"

मी सरांकडे बघितलं. सर चित्रच बघत होते.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "कधीपासून?"