रिपार्टी

माझे वडील बऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे. 'रिपार्टी' हा त्यांचा लाडका शब्द. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला, आणि मुळात त्याचा अर्थ 'पुन्हा निघणे', असं ते सांगत. "बोलणं आपल्याकडे आलं की तिथल्या तिथं परत निघालं पाहिजे. मुक्कामाला राहिलं की मेलं." हजरजबाबीपणाची याहून चांगली व्याख्या मी नंतर कुठे वाचली नाही.

आम्ही तापीपलीकडे, जैनाबादला राहायचो; वडील रोज नदी ओलांडून शाळेत जात. जुने हेडमास्तर विचारत, "मास्तर, आज पुन्हा उशीर?" वडील म्हणत, "सर, तापीला तुमचं टाइमटेबल अजून मिळालेलं नाही." ज्याची बोलती बंद होईल त्यानं शनिवारी सगळ्यांना मावा जिलेबी खाऊ घालायची, असा त्या शिक्षकांचा रिवाज होता. वडिलांवर ती पाळी कधी आली नव्हती.

मग राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यातच राहिलो. आम्हाला विचारलं होतं कुणी? शाळेचा कारभार हिंदीत गेला, जुने सोबती एकेक करून बदली घेऊन गेले.

"मास्टरजी, घर में घड़ी नहीं है क्या?" नवे हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. बाजारापुरतं हिंदी वडिलांना यायचं, पण टोला परतवायला ते पुरेना. "जी... वो..." एवढंच निघालं, आणि सगळे हसले. घरी येऊन मराठीत सुचलेलं उत्तर सांगत ते मला म्हणाले, "बेटा, एवढं हिंदीत करून दे." सिंधीपुऱ्यातल्या मैत्रिणींमुळे मला हिंदी येत होतं. मी करून दिलं, "घड़ी तो है साहब, पर नदी को देखना नहीं आता." दुसऱ्या दिवशी वेळेवर पोचून त्यांनी ते म्हटलं. हे कशाबद्दल बोलताहेत, तेच हेडमास्तरांना कळेना.

त्या शनिवारी वडील शाळेत जिलेबी घेऊन गेले. हरलेल्यानं न्यायचीच ना! "किस खुशी में, मास्टरजी?" नव्या शिक्षकांनी विचारलं आणि मजेत खाल्ली. मला आजही त्या माणसांचा राग येतो, आणि त्यांचा काही दोष नव्हता याचा तर जास्तच.

संध्याकाळी जेवताना वडिलांनी हे सगळं आईला सांगितलं. घरात त्यांची रोज जुंपायची ती तिच्याशीच, आणि दोघांनाही त्याशिवाय घास उतरत नसे. तिनं मुद्दाम डिवचलं, "वा हो! गावाला जिलेबी, अन् घरच्या बायकोला तापीचं पाणी?" आणि पोळी हातात धरून ती उत्तराची वाट बघत थांबली.

"चुकलं माझं," वडील म्हणाले. "उद्या आणतो."

पोळी तशीच हातात धरून आई रडायला लागली.