ओर्नेल्लाबाईंचे ढग

ओर्नेल्ला पेद्रोत्ती यांना इटलीतल्या त्रेंतोच्या संशोधन संस्थेत सगळे 'ढगवाल्या बाई' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. सॉफ्टवेअर लिहायला घेण्याआधी ते कुणाला आणि कशासाठी हवंय याचा माग काढायचा, हे त्यांचं काम. माणसाने सांगितलेलं उद्दिष्ट भिंतीवरच्या कागदावर एका लंबगोलात लिहायचं, "का?" विचारायचं, उत्तर त्याच्या वर लिहायचं, पुन्हा "का?" विचारायचं. मोजता न येणारी इच्छा आली की लंबगोलाऐवजी ढग काढायचा. पन्नाशी उलटली तरी बाई ढगच काढत होत्या.

या विद्येच्या लोकांची एक गंमत आहे. उदाहरण द्यायची वेळ आली की वर्षानुवर्षं ते एकच गोष्ट काढतात: बैठकीची वेळ कशी ठरवावी. तिची चित्रं काढून काढून कागद संपले, पण यांच्या स्वतःच्या बैठका अजून उशिराच सुरू होतात. त्यामुळे विभागप्रमुख रुज्जेरो जेव्हा म्हणाला, "बाई, खऱ्या माणसांचं एक तरी काम या चित्रांनी तडीस लावून दाखवा, नाहीतर उन्हाळ्यात तुमचा गट बंद," तेव्हा बाईंचं डोकं फिरलं, पण तो खोटं बोलतोय असंही म्हणवेना. गट म्हणजे त्या आणि दोन सहकारी. गट बंद पडला की बाईंच्या उभ्या आयुष्याचं काम अडगळीत जाणार होतं.

काम आलं सफरचंदांच्या खोऱ्यातून. वर सार्झोन गाव, खाली विगोले, आणि दोघांत मिळून एकच तळं. एप्रिलमध्ये झाडं फुलोऱ्यात असताना पहाटे पारा उतरला की बागांवर फवारे सोडतात. पाणी फुलावर गोठत राहतं तोवर फूल तगतं. मधेच थांबलं की फूल गेलंच. दरवर्षी तळं नेमकं पहाटेच कोरडं पडे. एका कंपनीने पाणी आपोआप वाटणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं, तर दोन्ही गावांनी ते बंद करून नळ पुन्हा आपल्या हातात घेतले.

बाईंनी पाणीसंघाच्या खोलीत कागद लावला. सार्झोनचा तुल्लिओ म्हणाला, "फूल वाचलं पाहिजे." विगोलेची एर्नेस्ता म्हणाली, "फूल वाचलं पाहिजे, दुसरं काय?" शब्द तेच, म्हणून बाईंनी एकच लंबगोल काढला. चित्र सुरेख जुळलं, विरोधाची एकही रेघ नाही, संगणकानेही ते बिनचूक ठरवलं. दोघांनी माना डोलावल्या. नळांवरचा ताबा सोडायला मात्र कुणी राजी होईना.

दुपारी सगळे पोलेंता, म्हणजे तिकडची मक्याची उकड, खायला बसले. बोलता बोलता तुल्लिओ पुन्हा म्हणाला, "फूल वाचलं पाहिजे," आणि खिडकीतून वरच्या उताराकडे पाहिलं. एर्नेस्ताने "तर काय," म्हणत खाली पाहिलं. बाईंच्या हातातला काटा ताटात पडला. फूल एक नव्हतं, दोन होती. शब्द सारखे म्हणून दोघांची उद्दिष्टं एका लंबगोलात कोंबायची, ही चूक चित्रं काढणाराच करू जाणे. दोन जावा 'घर सुखात राहो' म्हणाल्या तर घरं दोन असतात, हे कुठल्याही सासूला कळतं.

बाईंनी जेवण अर्धवट टाकून ते बिनचूक चित्र फाडलं आणि दोन लंबगोल काढले.

"तुल्लिओ, तुम्ही संध्याकाळपासूनच पाणी का सोडता?"

"ही सोडते म्हणून."

"मी?" एर्नेस्ता म्हणाली. "तुझं पाणी पाइपात गुरगुरायला लागतं, तेव्हा मी सोडते."

"खालपर्यंत ऐकू येतं म्हणे. कान आहेत की मांजराचे?"

"पण तिने आधी सोडलं तर काय होतं?" बाईंनी धरून ठेवलं.

तुल्लिओने ताट बाजूला सारलं. "अहो बाई, तिची बाग वाचली आणि माझी थंडीने जळली, तर गावात तोंड कसं दाखवू? खुळ्यात काढतील मला."

"माझंही तेच लिहा," एर्नेस्ता हळूच म्हणाली.

बाईंनी दोन ढग काढले, दोन्हीत तेच लिहिलं: गावाने खुळ्यात काढू नये. आता शब्द सारखे आणि ढग मात्र दोन. पाणी कमी नव्हतंच; दुसऱ्याचा नळ दिसत नाही म्हणून दोघं भीतीने आधीच तळं उपसत होते, आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरने तर स्वतःचाही नळ दिसेनासा केला होता. म्हणून बाईंच्या गटाने एवढंच करून दिलं: नळ ज्याच्या त्याच्या हातात, पण दुसऱ्या गावाचा नळ आणि तळ्यातलं पाणी प्रत्येकाच्या फोनवर. थंडी खाली साचते म्हणून विगोले आधी सोडणार, सार्झोन मागून.

"एवढ्यासाठी संशोधन?" रुज्जेरोने विचारलं.

एप्रिलच्या मध्यावर पारा उतरला. सकाळच्या पहिल्या बसने बाई पोचल्या तेव्हा वरचा आणि खालचा, दोन्ही उतार उन्हात बर्फाने लखलखत होते, फवारे चालूच होते आणि तळ्यात पाणी उरलं होतं. एर्नेस्ताने एक फूल खुडून नखाने चिरलं.

"हिरवं आहे आतून," ती म्हणाली. "याचंही हिरवंच आहे. पाहून आले मी."

"माझ्या बागेत शिरलीस?" तुल्लिओ म्हणाला, आणि दोघं हसायला लागले. बाई तिथेच बांधावर बसून रडल्या. एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

संस्थेतली बैठक रिवाजाप्रमाणे उशिरा सुरू झाली. बाईंसोबत तुल्लिओ आणि एर्नेस्ता न बोलावता येऊन बसले.

"अभिनंदन," रुज्जेरो म्हणाला. "पण गट बंद करायचं मी वर कळवून बसलोय."

"का?" तुल्लिओने विचारलं.

"यातून शोधनिबंध फारसे निघत नाहीत."

"ते कशाला हवेत?" एर्नेस्ता म्हणाली.

"संस्थेचं नाव पुढे यावं म्हणून."

"ते का?"

"म्हणजे, बाकीच्या संस्थांनी आपल्याला..." रुज्जेरो थांबला. त्याचे कान लाल झाले.

"खुळ्यात काढू नये," तुल्लिओने वाक्य पुरं केलं. "लाजू नका साहेब, आमचंही तेच निघालं. पण काम तडीस गेल्यावर गट बंद केलात, तर आम्हीच काढू तुम्हाला खुळ्यात."

बाईंनी पेन पुढे केलं. रुज्जेरोने उठून फळ्यावर एक ढग काढला.

"चपटा आलाय," बाई म्हणाल्या.

त्याने तो पुसून नीट काढला, त्यात 'खुळ्यात काढू नये' लिहिलं, आणि खाली पहिल्या लंबगोलात लिहिलं: ओर्नेल्लाबाईंचा गट चालू ठेवणे.