डाव्या सीटचा खडखडाट

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते झोप यावी म्हणून. शाहूपुरीत माझी मिरची कांडपाची गिरणी आहे. पट्टा सैल झालाय की बेअरिंग गेलंय, हे मी नुसत्या आवाजावरून सांगते. त्यामुळे ‘भास झाला असेल’ असं कृपया लिहू नका.

मी ह्यांची दुसरी बायको. पहिली, वंदना, आजारपणात गेली. दवाखान्यात नेताना ती डाव्या सीटवर बसायची; तिला गाडीचा आवाज सोसत नसे, म्हणून ह्यांनी आत डॅम्पिंग करून घेतलं होतं... दारांत, तळाला, सगळीकडे आवाज दाबणाऱ्या डांबरी शीट. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी गाडी तीच. घरात ह्यांच्या तोंडून चार शब्द निघायची मारामार. गाडीतून उतरले की मात्र चेहरा कसा, जेवून उठल्यासारखा! मी जळायचे. मेलेल्या बाईवर जळणं शोभत नाही, ठाऊक आहे. तरी जळायचे.

गेल्या पावसाळ्यात गाडीत पाणी शिरलं, शीटखाली कुबट वास धरला. मला कारण मिळालं. हे नको म्हणत असताना गाडी गडमुडशिंगीच्या मिस्त्रींकडे नेली.

“वैनी, पत्र्याचा डबा हुईल की गाडी!”

“होऊ दे. सगळं काढा. डाव्या सीटखालचं आधी.”

सीट, कार्पेट निघालं. मिस्त्रींनी ड्राय आइस पसरला. डांबर गारठून कडक झालं की हातोडीच्या ठोक्याने तुकडे उडत. उरलंसुरलं मी स्वतः पटाशीने खरवडलं. दोन पोती भरली. खाली उघडा पत्रा — मी हात फिरवून पाहिला.

सगळं परत जोडून मिस्त्री चक्कर मारून आले.

“वैनी, आपण काढलंय न्हवं? टाचणी पडली तर ऐकाय यील आत!”

मी शेजारी बसले. असा खडखडाट, की मिस्त्रींचं बोलणं कळेना. मग मी चालवली, ते डावीकडे बसले — शांत. वजनाने होत असेल म्हणून दोन्ही पोती त्या सीटवर ठेवली — शांत. पुन्हा मी बसले... खडखडाट.

“तुमच्यावरच राग हाय की हिचा,” मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी हे न्यायला आले. मी काही न सांगता मागे बसले. गाडी निघाली. आत चिडीचूप. उजळाईवाडीच्या अलीकडे हे हळूच म्हणाले, “दमलीस का? पोचतोयच आता.”

सहा वर्षांत ह्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. आणि मान डावीकडच्या रिकाम्या सीटकडे वळलेली.

“कुणाला विचारताय?”

हे दचकले. “तुलाच की.”

“थांबवा गाडी.”

मी उतरले, पुढचं डावं दार उघडलं, बसले. गाडी हलताच पत्रा बडवल्यासारखा आवाज सुरू.

“आता विचारा!” मी ओरडले.

“काय?”

“मघाचंच!”

“दमलीस का?” हे बेंबीच्या देठापासून ओरडले. शेजारचा स्कूटरवाला वळून बघायला लागला.

“नाही!”

मिस्त्रींनी त्यानंतर दोनदा गाडी खोलून पाहिली. दुसऱ्या गॅरेजलाही दाखवली. एक बोल्टसुद्धा सैल नाही. कारण आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही, मलाही नाही. मागे बसत जा, मागे शांत आहे, असं सगळे सुचवतात. ह्यांच्याशी ओरडून बोलता बोलता घरी पोचेपर्यंत घसा बसतो माझा. पण ती सीट मी सोडत नाही.